पावसातला नाच आणि पडद्यामागची दोरी

‘सिंगिंग इन द रेन’ या चित्रपटाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिली म्हणतात, सिनेमा गोड आहे, पण त्यात आहे काय? एक नट पावसात छत्री फिरवत नाचतो, त्याचा मित्र भिंतीवर धावत जाऊन कोलांटी मारतो, नायिका गोड हसते आणि शेवटी सगळं मनासारखं होतं. ज्यांचं तरुणपण त्या काळात गेलं त्यांनी हळवं व्हावं, बाकीच्यांनी कशाला? दुसरी माणसं या चित्रपटावर जीव टाकतात. पण त्याची बाजू घेताना तीही एवढंच सांगतात की डोक्याला त्रास नाही, मन प्रसन्न होतं, दोन घटका जगाचा विसर पडतो. पहिल्यांचा आक्षेप आणि दुसऱ्यांचं कौतुक एकाच समजुतीवर उभं आहे. हा चित्रपट विसर पाडतो, अशी ती समजूत. माझा वाद या दोघांशीही आहे. आनंद कोणत्या यंत्रांनी, कोणाच्या घामानं आणि कोणत्या लबाडीनं तयार होतो हे हा चित्रपट पावणेदोन तास उघड करून दाखवतो. ते दिसत असतानाच तो आनंद आपल्यापर्यंत पोहोचतो. तो टिकला आहे तो या धाडसामुळे.

सुरुवातच बघा. साल १९२७. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरबाहेर प्रीमियरची गर्दी उसळली आहे. मूकपटांचा लाडका नायक डॉन लॉकवूड मायक्रोफोनसमोर उभा राहून आपली जीवनकहाणी सांगतो: उच्च शिक्षण, अभिजात संस्कार, मोठमोठ्या रंगमंचांवरचे प्रयोग, आणि सगळीकडे जपलेली प्रतिष्ठा. तो बोलत असताना पडद्यावर भलतंच दिसत राहतं. गुत्त्यात पैशासाठी नाचणारी दोन पोरं, प्रेक्षकांनी हुर्यो उडवून पळवून लावलेले नाच्ये, जीव धोक्यात घालून दुसऱ्यांच्या वाट्याच्या उड्या मारणारा स्टंटमन. बाहेरची गर्दी शब्दांवर विश्वास ठेवते. आपण प्रेक्षकगृहात बसलेले लोक चित्रावर ठेवतो. चित्रपट सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात आणि आपल्याला बजावून सांगितलेलं असतं की पडद्यावरून ऐकू येतं ते आणि पडद्यामागे घडलं ते वेगवेगळं असतं, डोळे उघडे ठेवा. विसर पाडायला निघालेला चित्रपट अशी सुरुवात करत नाही.

आता स्मरणरंजनाच्या आरोपाकडे येऊ, कारण तो सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत जास्त फिरवला जाणारा आरोप आहे. हा चित्रपट जुन्या आठवणींवर तरला असता तर त्याचं खरं भाग्य १९५२ मध्येच उजाडलं असतं. तेव्हाच्या प्रेक्षकांत मूकपट पाहिलेले, १९२७ चा ‘द जॅझ सिंगर’ आणि बोलपटांचा पहिला गोंधळ अनुभवलेले लाखो लोक होते. चित्रपट चांगला चालला, पण ऑस्करच्या वेळी त्याच्या वाट्याला दोनच नामांकनं आली, डॉनची मूकपटांतली जोडीदार लीना हिची भूमिका करणाऱ्या जीन हेगनला साहाय्यक अभिनेत्रीचं आणि संगीत संयोजनाचं. पुरस्कार एकही मिळाला नाही. त्याच एमजीएम स्टुडिओचा, डॉन झालेल्या त्याच जीन केलीचा ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ मार्च १९५२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता आणि पाठोपाठ आठवडाभरात आलेला हा चित्रपट त्याच्या सावलीत राहिला. ज्यांच्या आठवणी त्यात होत्या त्यांनी त्याला मोठा मानलं नाही. ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात तो वर चढला तो १९८२ मध्ये. तेव्हा तो थेट कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’च्या बरोबरीनं तिसऱ्या क्रमांकावर होता. पुढे खालीवर झालं, पण २०२२ च्या कौलातही तो दहावा आहे. २०२२ मध्ये मत देणाऱ्या समीक्षकांपैकी किती जणांना १९२७ आठवत असेल? आठवण ओसरत गेली तसा मान वाढत गेला. स्मरणरंजनाचा हिशेब असा उलटा चालत नाही.

शिवाय या चित्रपटाला भूतकाळाचा पुळका कुठे आहे? त्यातले मूकपट हास्यास्पद आहेत, त्यातली पोशाखी प्रेमदृश्यं पोकळ आहेत, त्यातले स्टुडिओवाले वाऱ्यासरशी पाठ फिरवणारे आहेत. आणि तो बनला कधी? जून १९५१ मध्ये चित्रण सुरू झालं तेव्हा दूरचित्रवाणी अमेरिकेच्या घराघरांत शिरत होती. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्टुडिओंच्या हातून चित्रपटगृहं सोडवण्याचा निकाल दिलेला होता. एमजीएमच्या नावात ज्याचं आडनाव आहे तो लुई मेयर त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या स्टुडिओतून बाहेर पडला. एक नवं यंत्र येतं आणि सगळ्या धंद्याची जमीन सरकते, कालचे राजे आज कुचकामी ठरतात, ही गोष्ट सांगणाऱ्या माणसांच्या पायाखालची जमीन त्याच वेळी सरकत होती. या चित्रपटाचा १९२७ हा १९५१ चाच चेहरा आहे. तो पाहताना आजच्या माणसाला आपल्या कामाच्या जागी शिरलेलं नवं यंत्र आठवत असेल, तर ते त्याच्या मनाचे खेळ नाहीत. ते चित्रपटातच आहे.

यावर कोणी म्हणेल, अहो, ही गाणी तर उरलीसुरली गोळा केलेली! खरं आहे. निर्माता आर्थर फ्रीड स्वतः गीतकार होता. त्यानं आणि नॅसिओ हर्ब ब्राऊन या संगीतकारानं विसाव्या-तिसाव्या दशकात लिहिलेली गाणी स्टुडिओच्या मालकीची होती. ती वापरून एक चित्रपट लिहा, असं बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या पटकथाकारांच्या जोडीला सांगण्यात आलं. शीर्षकगीतसुद्धा १९२९ च्या ‘द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९’ मधलं. पण या दोघांनी काय केलं ते पाहायला हवं. ही गाणी ज्या काळात जन्मली तो काळ म्हणजे बोलपटांचं बाळंतपण, हे त्यांनी ओळखलं आणि त्याच काळाची गोष्ट लिहिली. म्हणजे पहिल्या बोलपटांसाठी लिहिलेली गाणी पहिल्या बोलपटांचीच कहाणी सांगतात. जुना माल खपवणं एवढाच हेतू असता तर कुठल्याही प्रेमकथेत ही गाणी पेरता आली असती. भिंतीवर कोलांटी मारणाऱ्या डोनल्ड ओ’कॉनरच्या ‘मेक ’एम लाफ’ची चाल मात्र कोल पोर्टरच्या १९४८ मधल्या ‘बी अ क्लाउन’वरून सरळसरळ उचललेली आहे. तिथे बचाव करण्यासारखं काही नाही आणि मी तो करणारही नाही.

आता माझ्या मते जो या चित्रपटाचा गाभा आहे तो प्रसंग. डॉनला नायिका कॅथीला आपलं प्रेम सांगायचं आहे, आणि त्याला ते जमत नाही. आयुष्यभर रंगवलेल्या पडद्यांसमोर प्रेम करत आलेला हा माणूस नेपथ्याशिवाय मुका आहे. म्हणून तो तिला एका रिकाम्या शूटिंगच्या फ्लोअरवर नेतो. भिंती उघड्या, वायरी लोंबताहेत, जमीन मोकळी. मग तो एकेक खटका दाबतो. संध्याकाळचं आकाश उजळतं. यंत्रातून दूरच्या डोंगरांवरचं धुकं निघतं. रंगीत दिव्यांची बाग फुलते. कॅथीला तो एका साध्या शिडीवर उभं करतो, ती शिडी म्हणजे सज्जा. मग चांदणं, म्हणजे पाच लाख किलोवॅटचा प्रकाश. शेवटी एक मोठा पंखा सुरू होतो, तो उन्हाळ्याच्या रात्रीची झुळूक. प्रत्येक गोष्ट तो नाव घेऊन सांगतो आणि प्रत्येक यंत्र आपल्याला दिसतं. एकही गोष्ट खरी नाही हे कॅथीला माहीत आहे, डॉनला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे. आणि मग तो गायला लागतो, दोघं नाचायला लागतात, आणि काहीतरी खरं घडतं.

चित्रपट-अभ्यासक जेन फ्यूअर यांनी हॉलिवूडच्या संगीतपटांवर लिहिताना नेमका या प्रसंगावर बोट ठेवलं आहे. त्यांचा मुद्दा वजनदार आहे, त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या दाखवून देतात की नाच सुरू झाल्यावर कॅमेरा फिरत पुढे सरकतो आणि पंखा, दिवे, यंत्रं चौकटीबाहेर पडतात. म्हणजे जादू उघडी करायची, प्रेक्षकाचा विश्वास मिळवायचा आणि मग तीच जादू पुन्हा त्याच्यावर टाकायची. उघडेपणाचं सोंग करून अधिक पक्की भूल घालायची.

कॅमेरा यंत्रं मागे टाकतो, हे बरोबर आहे. पण प्रेक्षकाच्या डोक्यातून ती कोण काढणार? फ्यूअर यांच्या युक्तिवादात प्रेक्षक नजरेआड होईल ते लगेच विसरतो. आपल्याकडच्या संगीत नाटकाचा प्रेक्षक आठवा. १९११ च्या ‘संगीत मानापमान’मध्ये भामिनी म्हणून जे समोर उभे आहेत ते नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व आहेत, पुरुष आहेत, हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक होतं. त्या ज्ञानानं भामिनी मोडली नाही. पद रंगलं की लोक ‘वन्स मोअर’ देत, गोष्ट जागच्या जागी थांबे, बालगंधर्व तेच पद पुन्हा गात आणि गोष्ट पुढे चालू लागे. नाटक चाललं आहे हे भान आणि नाटकात बुडून जाणं, दोन्ही एकाच माणसात एकाच क्षणी नांदत होतं. अशा प्रेक्षकाला भोळा म्हणणं हा त्याचा अपमान आहे. रिकाम्या फ्लोअरवरच्या डॉन-कॅथीचा नाच या जातीच्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून रचला आहे. पंखा पाहिलेला असल्यामुळेच तिच्या केसांशी खेळणारी झुळूक आपल्याला भिडते, कारण कोणीतरी ती तिच्यासाठी उठून सुरू केली हे आपण पाहिलेलं असतं.

त्याच कारणानं ‘मध्येच गाणं कसं काय येतं?’ हा प्रश्न मला कधीच गंभीर वाटला नाही. शंभर वर्षं गाण्यासाठी नाटक थांबवणाऱ्या समाजातल्या माणसांनी तो विचारावा याचं तर फारच वाईट वाटतं. परक्या समीक्षेतून तो आपण उसना घेतला आणि आपलाच कान विसरलो.

पावसातल्या नाचाकडे वळतो. ‘यात आहे काय’ म्हणणाऱ्यांनी तो नीट पाहिला आहे का, असा मला खरोखर संशय आहे. डॉन कॅथीला दारात सोडतो, थांबलेल्या गाडीला हातानंच ‘जा’ म्हणतो, आणि चालू लागतो. आधी नुसतं गुणगुणणं. मग छत्री मिटते. दिव्याच्या खांबावर चढणं, पन्हळीचं पाणी तोंडावर घेणं, फुटपाथच्या कडेवरून एक पाय वर एक पाय खाली अशी चाल, रस्त्यात मधोमध छत्री पसरून मोठ्ठं वर्तुळ, आणि शेवटी लहान पोरासारखं डबक्यात थैमान. मग पोलीस येतो. हा सगळा नाच मोजक्याच लांब शॉट्समध्ये आहे. डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण शरीर बहुतेक वेळ चौकटीत आहे. पाय दाखवायला एक शॉट, चेहरा दाखवायला दुसरा, अशी वाटणी कुठेही नाही. कॅमेरा वर उचलला जातो तो सुद्धा शरीर मोठं वर्तुळ घेतं तेव्हाच. संकलनाच्या कात्रीनं न नाचणाऱ्यालाही नाचवता येतं हे आता आपल्या सवयीचं झालं आहे. इथे कात्री बाजूला ठेवली आहे. जे दिसतं ते एका माणसानं, त्या पाण्यात, त्या बुटांनी केलेलं आहे.

पावसात दूध मिसळलं होतं ही दंतकथा अजूनही लोक आवडीनं सांगतात. ती खोटी आहे. छायालेखक हॅरोल्ड रॉसन यांनी पाण्याच्या धारांमागून प्रकाश टाकला, म्हणून त्या उठून दिसल्या. स्टुडिओच्या आवारातल्या रस्त्यावर काळी ताडपत्री ताणून दिवसाची रात्र केली होती आणि डबकी नाचाच्या पावलांप्रमाणे मुद्दाम खोदली होती. डबकं कुठे असावं हे पावलांच्या मापानं ठरलं! केलीला त्या वेळी १०३ अंश ताप होता असं सांगितलं जातं. ते खरं असलं तरी त्या नाचाचं मोल तापामुळे वाढत नाही. मोल त्या खोदलेल्या डबक्यात आहे. आनंदाची मोकळी उधळण वाटावी असा क्षण एवढ्या काटेकोर आखणीतून येतो, आणि तरी तो आखलेला वाटत नाही. याला हलकंफुलकं म्हणणाऱ्यांनी हलकं करायला काय लागतं याचा विचार केलेला नाही.

त्या कष्टांची एक काळी बाजू आहे, ती टाळून या चित्रपटाची बाजू घेणं मला पटत नाही. कॅथी झालेली डेबी रेनल्ड्स तेव्हा १९ वर्षांची होती. ती जिम्नॅस्ट होती, नर्तिका नव्हती. ‘गुड मॉर्निंग’ या गाण्याचं चित्रण सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललं आणि तिच्या पायांतून रक्त आलं. केलीचा तोफखाना सहन न होऊन ती पियानोखाली बसून रडत असताना फ्रेड अस्टेअरनं तिला पाहिलं आणि आपला सराव दाखवून धीर दिला, ही आठवण तिनं स्वतः सांगितली आहे. हा चित्रपट आणि बाळंतपण या आपल्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड गोष्टी होत्या असंही ती म्हणे. ओ’कॉनरला भिंतीवरच्या त्या कोलांट्यांनंतर अंथरूण धरावं लागलं आणि फिल्म खराब निघाल्यामुळे सगळं पुन्हा करावं लागलं. आज काही जण म्हणतात, हे कळल्यावर चित्रपटाचा आनंद घेणं म्हणजे छळाला दाद देणं. मी हे मानत नाही. केलीची वागणूक कठोर होती, ती तशी नोंदवलीच पाहिजे, कलेच्या नावानं ती पुसून टाकू नये. पण डेबीच्या त्या नाचाकडे पाठ फिरवून तिला कोणता न्याय मिळतो? ती दोन कसलेल्या नर्तकांच्या मध्ये, त्याच चौकटीत, त्यांच्याच लयीत नाचते, आणि सोफा उलटून तिघं खाली येतात तेव्हा ती त्यांच्या मागे नाही, बरोबर आहे. ते तिचं कमावलेलं काम आहे.

सिड चॅरिसचं हिरव्या झग्यातलं लांबलचक नृत्यनाट्य मात्र मला पूर्वीही या चित्रपटात घट्ट बसलेलं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ते अप्रतिम आहे, पण गोष्ट थांबवून आलेलं आहे, आणि संगीत नाटकासारखं गोष्टीला काही देऊन परत जात नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी तिथे बोट ठेवलं असतं तर मी मान डोलावली असती. त्यांना ते सुचत नाही, कारण ते ‘गोडवा’ या एकाच शब्दावर अडून बसले आहेत.

अलीकडे या चित्रपटावर अधिक तिखट आरोप झाला तो एका चित्रपटातूनच. डेमियन शझेल यांच्या ‘बॅबिलॉन’च्या (२०२२) शेवटी मॅनी हा नायक १९५२ मध्ये चित्रपटगृहात बसून ‘सिंगिंग इन द रेन’ पाहतो आणि रडतो. ज्या संक्रमणात त्याची माणसं धुळीला मिळाली, त्याचा इथे विनोद झाला आहे. आरोप असा की या हसऱ्या कहाणीनं खऱ्या इतिहासावर रंग फासला. यात तथ्य आहे. बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतल्या वाद्यवृंदांमधले हजारो वादक बेकार झाले, त्यांच्या संघटनेनं डबाबंद संगीताविरुद्ध मोहीम चालवली. इथे कॉस्मो हा डॉनचा मित्र, सेटवर पियानो वाजवणारा माणूस. बोलपट आले म्हणजे आपली नोकरी गेली, हे त्याच्या लक्षात येतं, पण स्टुडिओचा मालक त्याला लगेच नव्या संगीत विभागाचा प्रमुख करतो. एका वाक्यात धोका येतो आणि पुढच्या वाक्यात टळतो. बाहेरच्या वादकांना अशी बढती कोणी दिली नव्हती. ही या चित्रपटाची कमतरता आहे, ती मी मान्य करतो.

पण रंग फासला म्हणजे लपवलं, असं म्हणणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाचा प्रसंग पाहावा. मायक्रोफोन झुडपात लपवला आहे. लीना मान वळवते तसा तिचा आवाज येतो आणि जातो. मग तो तिच्या झग्यात शिवला जातो, तर तिच्या काळजाचे ठोके सगळ्यात मोठे ऐकू येतात. बंद काचेच्या खोक्यात कोंडलेला कॅमेरा, घामाघूम तंत्रज्ञ, आणि मध्येच येऊन वायर ओढणारा मालक. त्या ओढण्यानं लीना उताणी पडते. पूर्वपरीक्षणाच्या खेळात ध्वनी आणि चित्र यांची गाठ सुटते, नायिकेच्या तोंडी खलनायकाचा होकार आणि खलनायकाच्या तोंडी तिचा नकार येतो. ‘बॅबिलॉन’मधला ध्वनिचित्रणाचा प्रसंग या प्रसंगाचाच मुलगा आहे. त्यात रक्त आहे, इथे हसू आहे. यंत्र माणसाच्या शरीरावर कसं स्वार होतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच दिसतं. ‘बॅबिलॉन’नं त्याच्याकडून घेतलं आणि मग त्यालाच आरोपी केलं.

उरतो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो आपल्या इथल्या प्रेक्षकाला जास्त जवळचा आहे. कथेतला गुन्हा आहे उसना आवाज. लीनाचा स्वतःचा आवाज चिरका, म्हणून तिच्यासाठी कॅथी बोलते आणि गाते. लीना करारावर बोट ठेवून कॅथीला कायम पडद्यामागेच ठेवू पाहते. शेवटी प्रेक्षकांसमोर लीना ओठ हलवत असताना डॉन, कॉस्मो आणि स्टुडिओचा मालक दोरी ओढून मागचा पडदा वर करतात आणि खरी गाणारी दिसते. हिंदी-मराठी चित्रपटांवर वाढलेल्या माणसाला इथे क्षणभर थांबायला होतं, कारण लीनाचा गुन्हा हा आपला रिवाज आहे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे आपापल्या आवाजात गायले. पण तिसाव्या दशकाच्या मध्यापासून पार्श्वगायन रुळलं आणि नंतर तोच नियम झाला. आपण त्याला फसवणूक मानलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मात्र १९४९ च्या ‘महल’च्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. गाणं ऐकून लोक विचारू लागले, ही कोण गाते? मग लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. कॅथी सेल्डनची गोष्ट पडद्यावर यायच्या तीन वर्षं आधी ती इथे एका तबकडीच्या लेबलावर घडून गेली होती. म्हणून हा शेवट आपल्याला परका वाटत नाही. आवाज कोणाचाही चालेल, पण नाव ज्याचं त्याचं असलं पाहिजे, हा त्या दोरीचा अर्थ आपल्याला लगेच कळतो.

आणि इथेच विरोधक आपलं सर्वांत धारदार हत्यार काढतात. कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्सला स्वतःच दुसऱ्याचा आवाज होता! लीनासाठी कॅथी ‘वुड यू’ गाते, ते गाणं प्रत्यक्षात बेटी नॉइस या गायिकेनं गायलं. आणि लीनाच्या चित्रपटासाठी कॅथी संवाद म्हणते तेव्हा ऐकू येतो तो जीन हेगनचा स्वतःचा, सुरेल, भारदस्त आवाज. म्हणजे चिरक्या आवाजाची बाई जो आवाज चोरते आहे तो तिचाच. श्रेयनामावलीत बेटी नॉइसचं नाव नाही. विरोधक म्हणतात, घ्या, दोरी ओढणाऱ्यांनी आपल्या मागचा पडदा खालीच ठेवला. हा चित्रपट खोटारडा आहे.

खोटं आहे, हो. ते १९५२ मध्ये चुकीचं होतं आणि आजही आहे. त्याची कोणतीही सफाई मला द्यायची नाही. लीनाच्या वाट्याला आलेल्या त्या शेवटच्या फजितीत एक निर्दयपणा आहे, तोही मला सलतो. आपला करार स्वतः वाचून समजून घेणारी ती चित्रपटातली एकमेव व्यक्ती आहे आणि तिला तीन पुरुष मिळून भर सभागृहात उघडं पाडतात. जीन हेगननं ती इतकी जिवंत केली आहे की तिचा पराभव आपल्याला पूर्ण गोड लागत नाही. पण हा चित्रपट खोटा ठरला तो कोणत्या कसोटीवर? आवाज कोणाचा, हा प्रश्न आपल्या तोंडी कोणी घातला? दुसऱ्या कितीतरी संगीतपटांत उसने आवाज आहेत आणि तिथे कोणी चकार शब्द काढत नाही. तिथे पाहणाऱ्याला तो प्रश्न पडावा अशी सोयच नसते. इथे मात्र शेवटच्या दृश्यानं प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात दोरी दिली आहे, आणि त्या दोरीनं आपण याच चित्रपटाचा पडदा वर करतो आहोत. स्वतःविरुद्धचा पुरावा तपासायला प्रेक्षकाला शिकवणाऱ्या कलाकृतीला ‘विसर पाडणारी’ म्हणणं मला अशक्य आहे.

१९७८ मध्ये जॉर्ज ईस्टमन हाउसच्या आगीत या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जळाली. आज आपण पाहतो ती प्रत दुसऱ्या साधनांवरून उभी केलेली आहे. दर काही वर्षांनी ती पुन्हा चित्रपटगृहांत, फिल्म सोसायट्यांत, महोत्सवांत दाखवली जाते. त्याआधी कोणीतरी उभं राहून केलीबद्दल, सहदिग्दर्शक डोननबद्दल, पावसाबद्दल चार शब्द बोलतं. माझी त्यांच्याकडे मागणी आहे. त्या चार शब्दांत बेटी नॉइस हे नाव घ्या आणि कॅथीच्या तोंडचे ते संवाद जीन हेगनच्या आवाजात आहेत हेही सांगा. दिवे मालवायच्या आधी सांगा, म्हणजे ‘वुड यू’ येईल तेव्हा सभागृहातल्या प्रत्येकाला कोण गातं आहे ते माहीत असेल.